मंगोलियात माणशी 115 एकर?

जगातला सर्वांत विरळ वस्तीचा स्वतंत्र देश म्हणून मंगोलियाचं नाव फॉरवर्डमधून फिरत असतं. सोबत हिशेबही असतो. क्षेत्रफळ 15,64,116 चौरस किलोमीटर, 2020 अखेरची लोकसंख्या सुमारे 33.6 लाख, म्हणजे चौरस किलोमीटरला 2.15 माणसं आणि माणशी 115 एकर जमीन. भागाकार बिनचूक आहे. मात्र 1992 च्या तिथल्या राज्यघटनेनुसार कुरणं खासगी मालकीची होऊच शकत नाहीत, आणि राजधानीत नागरिकाला घरासाठी एकदाच मोफत मिळणारा तुकडा जास्तीत जास्त 0.07 हेक्टरचा, म्हणजे जेमतेम सात गुंठ्यांचा असतो. 115 एकर कुठे, सात गुंठे कुठे!

गोंधळाचं मूळ 'सरासरी' या शब्दात आहे. सरासरी जमिनीची काढायची की माणसांची?

एसटीच्या दहा गाड्या घ्या. नऊ गाड्यांत प्रत्येकी 5 प्रवासी, दहावीत 95. एकूण प्रवासी 140, म्हणून आगाराच्या कागदावर गाडीमागे सरासरी 14. आता हाच प्रश्न प्रवाशांना विचारा, 'तुमच्या गाडीत किती जण होते?' 45 जण 5 म्हणतील, 95 जण 95 म्हणतील. या उत्तरांची सरासरी 66 येते. आगारही खरं बोलतंय आणि प्रवासीही. गर्दीच्या गाडीबद्दल सांगणारी तोंडंच जास्त असतात, एवढंच.

देशासाठी असाच आकडा काढता येतो, त्याला लोकसंख्या-भारित घनता म्हणतात. देशाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याची घनता काढायची, तिला त्या तुकड्यातल्या लोकसंख्येने गुणायचं, सगळे गुणाकार मिळवायचे आणि एकूण लोकसंख्येने भागायचं. मंगोलियाचे दोनच तुकडे करू. राजधानी उलानबातरमध्ये 4,704 चौरस किलोमीटरवर सुमारे 16 लाख लोक, म्हणजे घनता 340. उरलेल्या देशात 17.6 लाख, घनता 1.13. देशातले 47.6 टक्के लोक पहिल्या तुकड्यात आहेत, म्हणून भारित घनता येते 162. साध्या आकड्याच्या पंच्याहत्तर पट!

गणिताची आवड असणाऱ्यांसाठी थोडं पुढे. साधी घनता म, आणि तुकड्यातुकड्यांतल्या घनतेचं क्षेत्रफळानुसार काढलेलं प्रचरण (व्हेरियन्स, म्हणजे सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी) व, असं धरलं तर भारित घनता = म + व/म. माणसं सगळीकडे सारखी पसरलेली असतील तर व शून्य होतं आणि दोन्ही आकडे एक होतात. वस्ती जितकी एकवटलेली, तितकं अंतर वाढतं. शिवाय म भाजकात असल्यामुळे रिकाम्या देशात हे अंतर फार मोठं दिसतं.

इथे एक खाच आहे. तुकडे जितके बारीक कराल तितका भारित आकडा वाढतो, फार तर तेवढाच राहतो, घटत कधीच नाही. उलानबातरच्या हद्दीत बोग्द खान डोंगर येतो, शहरापासून शंभरेक किलोमीटर दूरचा बागानूरही येतो. हे वेगळे काढले की 340 हा आकडा वर जातो. आणि माणूस उभा आहे तेवढीच जागा एक तुकडा धरली तर घनता लाखांत जाईल! म्हणून तुकड्याचा आकार सांगितल्याशिवाय भारित घनता सांगू नये, आणि दोन देशांची तुलना करताना जाळी एकाच मापाची हवी, समजा एक किलोमीटर बाजूच्या चौकोनांची. आपले वरचे 162 कच्चंच माप आहे.

उरलेला देश रिकामा का, याचं उत्तर पावसात आहे. सरासरी पाऊस वर्षाला 200 मिलिमीटरच्या आसपास, गोबीत त्याच्या निम्माही नाही. शेतीखाली एक टक्क्याहून कमी जमीन. गवत विरळ, म्हणून जनावरं पसरलेली आणि त्यांच्यामागे माणसं. चराईचा भार मेंढीच्या मापात मोजतात: घोडा म्हणजे 7 मेंढ्या, गाय 6, उंट 5, शेळी 0.9. 'एवढी जागा पडून आहे, थोडे लोक तिकडे पाठवा' म्हणणाऱ्यांनी आधी त्या मेंढ्यांना विचारावं.

त्यात झुद, म्हणजे जनावरांचे कळप मारणारा कडक हिवाळा. उन्हाळ्यात दुष्काळ पडला की जनावरांच्या अंगावर चरबी धरत नाही, मग हिवाळ्यात खोल बर्फाखाली गवत गाडलं जातं. मधेच बर्फ वितळून पुन्हा गोठलं तर वर कडक थर बसतो आणि खूर आपटूनही गवत मिळत नाही. याला तिथे लोखंडी झुद म्हणतात. 2009-10 च्या झुदमध्ये जवळपास एक कोटी जनावरं मेली, एकूण पशुधनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त. कळप संपलेली कुटुंबं राजधानीच्या कडेला कुंपण घालून गेर, म्हणजे लोकर दाबून केलेल्या नमद्याचा गोल तंबू, उभारतात. तिथे सांडपाण्याची वाहिनी नसते, चुलीत कोळसा जळतो.

समजा असे एक लाख लोक कुरणांवरून उलानबातरला आले. देशाची साधी घनता 2.15 होती, 2.15 च राहील. भारित घनता मात्र 162 वरून 183 वर जाईल.

अर्थात यासाठी माणसं जिथे राहतात तिथेच मोजली जायला हवीत. शाळेचं वय 2008 मध्ये सहा वर्षांवर आलं, तेव्हापासून पुष्कळ घरांत हिवाळ्यात आई मुलांसह तालुक्यासारख्या 'सुम'च्या गावात राहते, वडील कळपापाशी. 2017 ते 2020 या काळात राजधानीत स्थलांतरितांची नोंदणी जवळपास बंद होती. माणसं येत राहिली, नावं मात्र जुन्या गावीच राहिली. अशा नोंदवहीवरून हिशेब केला तर कुरणं आहेत त्यापेक्षा भरलेली दिसतात आणि उलानबातर रिकामं.