आलेख सिद्धांत

आलेख सिद्धांत ही गणिताची शाखा वस्तूंपेक्षा वस्तूंमधल्या जोडण्यांचा विचार करते. काही बिंदू घ्यायचे आणि त्यांतल्या काही जोड्या रेषांनी जोडायच्या, की झाला आलेख. बिंदूंना शिरोबिंदू म्हणतात, रेषांना कडा. रेषा सरळ की वाकडी, लांब की आखूड, याला इथे महत्त्व नाही; कोण कोणाशी जोडलेला आहे तेवढेच पाहायचे. दोन अक्ष आखून काढायच्या शालेय आलेखाशी या विषयाचा संबंध नावापुरताच. इतक्या तुटपुंज्या सामग्रीतून खोल निष्कर्ष निघतात ते मुख्यतः मोजण्याच्या जोरावर, आणि म्हणूनच ही शाखा क्रमचय-समचयांच्या गणिताला अगदी लागून आहे.

सुरुवात एका कोड्यातून झाली. क्योनिग्सबर्ग (आजचे कालिनिनग्राद) शहरात प्रेगेल नदीवर सात पूल होते. प्रत्येक पूल एकदा आणि एकदाच ओलांडून सगळे पूल पार करता येतील का? लेओनार्ड ऑयलर यांनी १७३५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे याचे उत्तर मांडले. नदीमुळे शहराचे चार भाग पडले होते. एका भागाला पाच पूल लागत, उरलेल्या तिन्हींना तीन-तीन. वाटेतल्या एखाद्या भागात शिरलेला माणूस तिथून बाहेरही पडणार, म्हणजे त्या भागाचे पूल जोडीजोडीने संपणार. विषम संख्या चालेल ती फक्त जिथून निघालो आणि जिथे थांबलो त्या भागांना. इथे चारही भाग विषम, तेव्हा असा फेरफटका अशक्य. बिंदू-रेषांचे जे चित्र आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात छापतात, ते ऑयलर यांच्या लेखात नाही. विषम शिरोबिंदू दोन असले किंवा एकही नसला, तर अखंड जोडलेल्या आलेखात असा मार्ग सापडतोच, या उलट विधानाची पूर्ण सिद्धता कार्ल हियरहोल्झर यांच्या १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात आली.

शिरोबिंदूला येऊन मिळणाऱ्या कडांची संख्या म्हणजे त्याची कोटी. सगळ्या कोटींची बेरीज केली, तर प्रत्येक कड तिच्या दोन टोकांपाशी मिळून दोनदा मोजली जाते; म्हणून ही बेरीज नेहमी कडांच्या दुप्पट येते. क्योनिग्सबर्गसाठी ५ + ३ + ३ + ३ = १४, म्हणजे सात पुलांची दुप्पट. यावरून विषम कोटीचे शिरोबिंदू कोणत्याही आलेखात समसंख्येनेच असतात. नऊ जणांपैकी प्रत्येकाने नेमक्या तिघांशी हस्तांदोलन केले, असे कोणी सांगितले तर ते खोटे आहे हे चौकशी न करताच कळते: ९ × ३ = २७, आणि २७ विषम.

एकच गोष्ट दोन बाजूंनी मोजण्याची ही युक्ती दिसते त्याहून फार लांब पोचते. सहा शिरोबिंदू घेऊन प्रत्येक जोडी जोडली, तर १५ कडा होतात. प्रत्येक कड लाल किंवा निळी रंगवायची. असे रंगवण्याचे २^१५, म्हणजे ३२,७६८ प्रकार आहेत. तरीही प्रत्येक प्रकारात तिन्ही बाजू एकाच रंगाच्या असलेला त्रिकोण निघतोच. एकेक प्रकार तपासत बसण्याची गरज नाही. प्रत्येक शिरोबिंदूपाशी पाच कडा येतात. त्यांतली एक लाल आणि एक निळी घेऊन होणारे दुरंगी कोपरे तिथे जास्तीत जास्त ३ × २ = ६, म्हणजे सहा शिरोबिंदूंचे मिळून ३६. आता तेच कोपरे त्रिकोणांच्या बाजूने मोजू. ज्या त्रिकोणात दोन्ही रंग आहेत, त्यात दुरंगी कोपरे नेमके दोन असतात. म्हणून असे त्रिकोण १८ पेक्षा जास्त नाहीत. एकूण त्रिकोण मात्र २०. एकरंगी त्रिकोण निदान दोन उरलेच! पाच शिरोबिंदूंना हे लागू नाही: पंचकोनाच्या बाजू लाल आणि कर्ण निळे रंगवले, की एकही एकरंगी त्रिकोण मिळत नाही.

या प्रकारच्या प्रश्नांना फ्रँक रॅमसे यांचे नाव मिळाले. त्यांचा मूळ निबंध १९३० मध्ये छापला गेला आणि तो खरे तर तर्कशास्त्रातल्या एका प्रश्नासाठी होता. त्रिकोणाऐवजी सर्व जोड्या एकाच रंगाच्या असलेले चार शिरोबिंदू हवे असतील, तर १८ शिरोबिंदू लागतात, हे १९५५ मध्ये सिद्ध झाले. पाचांसाठी ४२ पुरत नाहीत हे माहीत आहे. नेमकी संख्या अजून कोणाला सापडलेली नाही.

अखंड जोडलेला पण चक्र नसलेला आलेख म्हणजे वृक्ष. त्यात शिरोबिंदूंपेक्षा कडा एकाने कमी असतात. नावे दिलेल्या चार शिरोबिंदूंवर १६ वृक्ष होतात: १२ एका ओळीतले, आणि ४ असे ज्यांत एकच शिरोबिंदू बाकी तिघांना जोडतो. नावे पुसली तर उरतात फक्त दोन आकार. नावांसह मोजायचे की आकार मोजायचे, हे आधी ठरवले नाही तर मोजणीचे निम्मे प्रश्न चुकतात. नावांसह मोजण्याचे सूत्र सोपे आहे: शिरोबिंदूंच्या संख्येचा तिच्याहून दोनने कमी घात, चारासाठी ४ × ४. हे सूत्र आर्थर केली यांच्या नावाने ओळखले जाते. आकार मोजण्याला असे सुटसुटीत सूत्र नाही.

ऑयलर यांच्या कोड्यात थोडासा बदल केला, की सगळी सोय संपते. प्रत्येक कडेऐवजी प्रत्येक शिरोबिंदूवरून एकदाच जाऊन निघालो तिथे परत यायचे असेल, तर त्याला हॅमिल्टन चक्र म्हणतात. विल्यम रोवन हॅमिल्टन यांनी १८५७ मध्ये द्वादशफलकाच्या २० शिरोबिंदूंवर असा खेळ रचला होता. इथे सम-विषमाची साधी कसोटी मिळत नाही. रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये ज्या २१ अवघड प्रश्नांचे नाते एकमेकांशी जोडून दाखवले, त्यांत हाही होता: यांतला एक जरी झटपट सुटला, तरी बाकीचे सगळे झटपट सुटतात.