नवखा की मुरलेला? बेसबॉलमधल्या निवडीचा हिशेब

एप्रिल २०१२ च्या अखेरीस लॉस एंजेलिस एंजल्स या बेसबॉल संघाने ३८ वर्षांच्या बॉबी अब्रेयूला मोकळे केले आणि २० वर्षांच्या माइक ट्राउटला मायनर लीगमधून, म्हणजे सर्वोच्च मेजर लीगच्या खालच्या स्पर्धांतून, वर बोलावले. तोवर संघाने ६ सामने जिंकले होते आणि १४ घालवले होते, त्यामुळे काहीतरी करणे भागच होते. पण आकडे बघा. अब्रेयूची त्या मोसमातली फलंदाजीची सरासरी (ती कशी काढतात ते पुढे सांगतो) होती ०.२०८. ट्राउटला आदल्या वर्षी मेजर लीगमध्ये ४० सामने खेळवून पाहिले होते, तेव्हा त्याची सरासरी ०.२२०. दोघेही तितकेच पडेल. शिवाय अब्रेयूच्या खात्यावर पंधरा-सोळा मोसमांची पुण्याई. मग तरुणाला आत आणि ज्येष्ठाला बाहेर, हा न्याय कुठला?

त्या मोसमात ट्राउटने ०.३२६ ची सरासरी राखली, ३० होमरन (चेंडू थेट कुंपणापार) मारले, ४९ बेस चोरले (फटका नसतानाच धावून पुढचा टप्पा गाठला) आणि वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला. निकाल कळल्यावर शहाणे होणे सोपे असते. एप्रिलमध्ये हातात होते त्या आकड्यांवरून हा निर्णय घेता आला असता का, हा खरा प्रश्न. माझे उत्तर 'हो' असे आहे, आणि त्यामागचे संख्याशास्त्र मला फार आवडते, म्हणून हा लेख.

क्रिकेटची सरासरी इथे डोक्यातून काढून टाकायची. बेसबॉलमध्ये बॅटर फटका मारून स्वतःच्या बळावर बेस गाठतो त्याला हिट म्हणतात, आणि हिटना अ‍ॅट-बॅटच्या, म्हणजे फलंदाजीच्या हिशेबात धरल्या जाणाऱ्या पाळ्यांच्या, संख्येने भागले की बॅटिंग अ‍ॅव्हरेज मिळते. १० पैकी ३ वेळा जमले तर ०.३००, आणि तो उत्तम खेळाडू. म्हणजे उत्तम खेळाडूही १० पैकी ७ वेळा फसतो. असे असेल तर थोड्या प्रयत्नांवरून कोण चांगला आणि कोण सुमार, हे कसे ओळखायचे?

समजा एखाद्याची खरी क्षमता ०.२६५ आहे. ४५ अ‍ॅट-बॅटमध्ये त्याचे साधारण १२ हिट व्हायला हवेत. पण नाणेफेकीत १० पैकी ५ छापे दर वेळी पडत नाहीत, तसेच इथेही. ०.२६५ ला ०.७३५ ने गुणा, ४५ ने भागा, वर्गमूळ काढा: ०.०६६. हे झाले प्रमाण विचलन. म्हणजे नशिबाशिवाय दुसरे काहीही न बदलता हाच खेळाडू कधी ०.२०० वर, तर कधी ०.३३० वर दिसेल. पहिला आकडा पाहून लोक 'याला काढा' म्हणतील, दुसरा पाहून त्याच्या नावाचे शर्ट विकत घेतील.

आता १९७० च्या मोसमाकडे जाऊ. ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी त्या वर्षीचे १८ खेळाडू घेतले, प्रत्येकाचे पहिले ४५ अ‍ॅट-बॅट मोजले, आणि उरलेल्या मोसमात तो किती मारेल याचा अंदाज बांधला. यादीत सगळ्यात वर रोबेर्तो क्लेमेंते: ४५ पैकी १८, म्हणजे ०.४००. तळाशी मॅक्स अल्विस: ४५ पैकी ७, ०.१५६. त्याच्या जरा वर न्यू यॉर्क यँकीजचा तरुण कॅचर थर्मन मन्सन: ४५ पैकी ८, ०.१७८. अठराही जणांची मिळून सरासरी ०.२६५.

या अठरा आकड्यांचा पसारा, म्हणजे त्यांचे प्रमाण विचलन, सुमारे ०.०७० भरते. सगळ्यांची क्षमता अगदी सारखी असती, तरी नुसत्या नशिबाने तो ०.०६६ भरला असता! क्लेमेंते ते अल्विस हे जे अंतर आपल्याला आकाश-पाताळाएवढे वाटते, त्यातले बहुतेक अंतर योगायोगाचे आहे.

मग शहाणा अंदाज कोणता? चार्ल्स स्टाइन यांनी १९५६ मध्ये गणिताने दाखवले होते, आणि १९६१ मध्ये विलार्ड जेम्स यांच्यासोबत त्याचे सूत्र दिले, की तीन किंवा अधिक राशींचा अंदाज एकदम करायचा असेल तर प्रत्येकीची स्वतःची सरासरी हा सर्वोत्तम अंदाज नसतो. प्रत्येकीला सामाईक सरासरीकडे ओढले, तर एकूण चूक कमी होते. त्या काळी हे संख्याशास्त्रज्ञांनाही पचले नव्हते. मन्सनच्या अंदाजात क्लेमेंतेचा काय संबंध? संबंध इतकाच, की पसाऱ्यात नशिबाचा वाटा किती हे बाकीच्या सतरा जणांकडून कळते.

किती ओढायचे, तेही सूत्रच सांगते. इथे गुणक आला ०.२१२. म्हणजे सरासरीपासूनचे प्रत्येकाचे अंतर जवळजवळ एक-पंचमांश करायचे. क्लेमेंते ०.४०० वरून ०.२९४ वर येतो, मन्सन ०.१७८ वरून ०.२४७ वर चढतो, अल्विस ०.२४२ वर. उरलेल्या मोसमात काय झाले? १८ पैकी १६ खेळाडूंच्या बाबतीत हा ओढलेला अंदाज कच्च्या सरासरीपेक्षा सत्याच्या जवळ निघाला. चुकांच्या वर्गांची बेरीज ०.०७७ वरून ०.०२२ वर आली.

हाच हिशेब उलटा मांडला तर तो हाताशी ठेवण्याजोगा होतो. ०.२१२ हा गुणक म्हणजे प्रत्येक खेळाडूच्या खात्यात सरासरी दर्जाचे सुमारे १६७ काल्पनिक अ‍ॅट-बॅट आधीच जमा आहेत असे समजणे (४५ आणि १६७ यांच्या बेरजेने ४५ ला भागले की ०.२१२). खेळाडूने स्वतः १६७ अ‍ॅट-बॅट पुरे केले, की त्याचा शब्द आणि लीगचा शब्द सारख्या वजनाचे होतात. तोवर लीगचाच शब्द जड. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण एका भांड्यातली शिते सारखी शिजतात. अ‍ॅट-बॅट तसे नसतात.

सिअ‍ॅटल मरिनर्सच्या जॅरेड केलेनिकवर हे लावून पाहू. २०२१ च्या मे महिन्यात मोठा गाजावाजा होऊन तो वर आला आणि ८३ अ‍ॅट-बॅटमध्ये त्याने फक्त ८ हिट मारले: ०.०९६. त्यात सलग ३९ वेळा हिटच नाही. संघाने त्याला खाली पाठवले, जुलैत परत बोलावले. त्या वर्षी मेजर लीगची सरासरी ०.२४४ होती. १६७ काल्पनिक अ‍ॅट-बॅट मिळवून हिशेब केला तर अंदाज येतो ०.१९५. परतल्यानंतरच्या त्याच्या २५४ अ‍ॅट-बॅटमधली सरासरी निघाली ०.२०९. एका खेळाडूवर जुळले म्हणून पुरावा होत नाही, पुरावा त्या अठरांचा. पण ज्यांनी आधी त्याची मूर्ती घडवली आणि मग दोन महिन्यांत ती फोडली, त्या दोन्ही टोळ्यांनी हा हिशेब करून पाहायला हरकत नव्हती.

अमेरिकेत दुसऱ्या वर्षाचा शाप नावाची एक समजूत आहे: पहिल्या मोसमात चमकलेला खेळाडू दुसऱ्या मोसमात पडतो. आपल्याकडे त्याला साडेसाती लागली म्हणतील आणि कुणीतरी अंगठीही सुचवेल. पहिल्या वर्षी जे सगळ्यात वर दिसतात, त्यांच्यात नशिबाची साथ मिळालेले जास्त असतात. दुसऱ्या वर्षी ती साथ तेवढीच मिळत नाही, एवढीच ती गोष्ट. शनीला मेजर लीगचे वेळापत्रक माहीत असण्याची गरज नाही.

आता त्या यादीतल्या तळाच्या दोघांकडे परत. सूत्राने मन्सनला ०.२४७ दिले आणि अल्विसला ०.२४२, जवळजवळ सारखेच. प्रत्यक्षात मन्सनने उरलेल्या मोसमात ०.३१६ मारले आणि तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. अल्विस ०.२०० वर राहिला आणि ते त्याचे शेवटचे वर्ष ठरले. सूत्र चुकले का? सूत्राला वय माहीत नव्हते. मन्सन २२ वर्षांचा होता आणि मायनर लीगमध्ये त्याने ०.३०० च्या वरची सरासरी दाखवली होती. अल्विस ३२ वर्षांचा, दोनदा ऑल-स्टार (लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यात घेतलेला), पण आधीची दोन वर्षे ०.२२५ च्या आसपास अडकलेला. सरासरीकडे ओढायचे खरे, पण कोणाच्या सरासरीकडे? मन्सनला त्याच्यासारख्या बावीस वर्षांच्या मुलांच्या सरासरीकडे ओढायला हवे होते, आणि अल्विसला उतरणीला लागलेल्या तिशीतल्यांच्या. बॅटर साधारण २६ ते २९ या वयात शिखरावर असतो, हे बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक बिल जेम्स आणि त्यांच्या नंतरच्या अभ्यासकांनी ढीगभर आकड्यांतून दाखवले आहे. मायनर लीगचे आकडे योग्य कपात करून मेजर लीगच्या मापात बदलता येतात, हे १९८० च्या दशकात बिल जेम्स यांनीच मांडले.

या नजरेने २०१२ चा एप्रिल बघा. अब्रेयूची सरासरी २००९ मध्ये ०.२९३, मग ०.२५५, मग ०.२५३. त्याचे ०.२०८ फक्त २४ अ‍ॅट-बॅटचे, ते फेकून दिले तरी चालेल. उतरण मात्र फेकता येत नाही. ट्राउटचे ०.२२० हे १२३ अ‍ॅट-बॅटचे, तेही एकोणीस-वीस वर्षांच्या वयातले. आणि त्या एप्रिलमध्ये ट्रिपल-ए या मायनर लीगच्या सर्वांत वरच्या पातळीवर तो २० सामन्यांत ०.४०३ मारत होता. 'ड्रेसिंग रूममधला अनुभव' नावाचे जे वजन अशा वेळी ज्येष्ठाच्या पारड्यात टाकतात, ते कुणी मोजून दाखवलेले मी तरी पाहिलेले नाही.

दोघांचे अंदाज सारखे निघाले तर? इथे अज्ञानच कामाला येते. ज्येष्ठ खेळाडू काय देणार ते माहीत असते. नवख्याचा अंदाज सैल असतो: तो वाईट निघाला तर खाली पाठवता येतो, चांगला निघाला तर वर्षानुवर्षे वापरता येतो. तोटा मर्यादित, नफा लांबलचक. जॉन गिटिन्स या ब्रिटिश गणितज्ञाने १९७० च्या दशकात याची नेमकी किंमत काढायची रीत दिली. ज्याच्याबद्दल काहीच माहीत नाही, ज्याचा यशाचा दर ० ते १ मध्ये कुठेही असू शकतो, असा पर्याय घ्या. सरासरीने तो ०.५ चा. पण प्रत्येक पुढच्या प्रयत्नाची किंमत आधीच्याच्या ९० टक्के धरली, तर हा अनोळखी पर्याय ०.७०३ ची खात्री देणाऱ्या पर्यायाच्या तोडीचा ठरतो. ९९ टक्के धरली तर ०.८७० च्या. भविष्य जितके लांब, तितका अनोळखी माणूस महाग. ट्राउटचा निर्णय एप्रिलमधला होता, मोसमाचे १४२ सामने बाकी असताना. हाच प्रश्न सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, प्ले-ऑफच्या उंबरठ्यावरच्या संघाला विचारला तर उत्तर बहुधा ज्येष्ठाच्या बाजूने जाईल. केलेनिकच्या वर्षी मरिनर्सचा प्ले-ऑफ फक्त दोन सामन्यांनी हुकला, तेव्हा नवख्याला आजमावून पाहण्याची किंमत खरोखर मोजावी लागते.

अर्थात संघमालक गिटिन्स वाचून निर्णय घेतात असे नाही. मेजर लीगमध्ये १७२ दिवस भरले की सेवेचे एक वर्ष धरतात, आणि अशी सहा वर्षे झाली की खेळाडू कुठल्याही संघाशी सौदा करायला मोकळा होतो. २०१५ मध्ये शिकागो कब्जने क्रिस ब्रायंटला, सरावी सामन्यांत ९ होमरन मारूनही, मोसम सुरू झाल्यावर जवळजवळ दोन आठवडे खाली बसवले. त्याचे क्षेत्ररक्षण सुधारायचे आहे, असे कारण सांगितले. वर्षअखेरीस त्याचे भरले १७१ दिवस. क्षेत्ररक्षण फारच वक्तशीरपणे सुधारले म्हणायचे. ब्रायंटने तक्रार केली, २०२० मध्ये निकाल त्याच्या विरुद्ध गेला.

मेजर लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२२ च्या करारात यावर उतारा आला. सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत येणाऱ्याला पूर्ण वर्षाची सेवा मिळते, आणि गुणी नवख्याला सुरुवातीपासून खेळवणाऱ्या संघाला ठरावीक अटींवर ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक वाटपात, एक जादा निवड मिळते. ती पहिल्यांदा मिळवणारा संघ मरिनर्सच. केलेनिकचे पोळलेले तोंड घेऊनही त्यांनी २०२२ मध्ये २१ वर्षांच्या हुलिओ रोद्रिगेसला पहिल्या दिवसापासून उतरवले. एप्रिलभर त्याचा एकही होमरन नाही, तरी त्याला हलवले नाही. मोसमाअखेर २८ होमरन आणि सर्वोत्तम नवोदिताचा मान त्याच्या नावावर होता, आणि २००१ नंतर पहिल्यांदाच मरिनर्स प्ले-ऑफमध्ये पोहोचले. त्या वर्षी त्यांनी ९० सामने जिंकले. केलेनिकच्या वर्षी जिंकले होते तेही ९०च.