इंग्रजी शब्दाच्या शेवटी 'ली' आला की ऍडव्हर्ब (क्रियाविशेषण)? नाही हो!
व्होकॅब टेस्टची तयारी करताना अजूनही बरेच जण सांगतात की ऍडजेक्टिव्हला (विशेषणाला) 'ली' चिकटवा, झालं ऍडव्हर्ब, अर्थ तोच. अर्धंच खरंय ते. 'हार्ड' म्हणजे कसून, जोर लावून, पण 'हार्डली' म्हणजे जेमतेम, नसल्यातच जमा, त्याचे सिनोनिम (समानार्थी शब्द) 'बेअरली' आणि 'स्केअर्सली', त्यामुळे मेहनती माणसाबद्दल 'ही हार्डली वर्क्स' म्हणालात तर बिचारा चक्क कामचुकार ठरतो! तसंच 'लेट' म्हणजे उशिरा पण 'लेटली' म्हणजे हल्ली, त्याची जोडी 'रिसेन्टली'शी. आणि 'फ्रेंडली', 'लव्हली' हे तर ऍडजेक्टिव्ह, शेवटी 'ली' असून. म्हणून सुट्या शब्दांच्या जोड्या घोकत बसू नका, सिनोनिम वाक्यात टाकून बघा, अर्थ बदलला तर तो ऑप्शन चुकीचा.