कुत्र्याची शुगर: स्ट्रासबुर्गच्या फरशीपासून लाल टोपणाच्या सिरिंजपर्यंत

१८८९ साली स्ट्रासबुर्गमध्ये ऑस्कर मिंकोव्स्की आणि योझेफ फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं. त्यांना बघायचं होतं चरबीचं पचन. पण शिकवलेला, घरात कधी घाण न करणारा तो कुत्रा प्रयोगशाळेत जागोजागी मुतू लागला. मिंकोव्स्कीने लघवी तपासली, तर साखरच साखर! मधुमेहाचा स्वादुपिंडाशी असलेला संबंध हाती लागला तो असा, ओल्या फरशीवरून.

कुत्र्याला मधुमेह झाला की घरच्यांच्या नजरेला आजही आधी तेच पडतं. पाण्याचं भांडं सारखं रिकामं, फरशी ओली, आणि खाऊनही कुत्रा वाळत चाललेला. ‘उन्हाळा आहे’ म्हणून दिवस काढले की इन्सुलिनअभावी (साखर वापरायला लागणारा स्वादुपिंडातला स्राव) शरीर चरबी जाळत सुटतं, त्यातून बनणारे किटोन साचतात, रक्त आम्लधर्मी होतं. मग उलट्या, जेवण बंद, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास. हा किटोॲसिडोसिस. यावर घरी इलाज नाही. सलाईन आणि इन्सुलिन दवाखान्यातच.

१९२१ मध्ये टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी पुन्हा कुत्रेच वापरले. मार्जरी नावाची कुत्री स्वादुपिंडाविना सुमारे ७० दिवस जगली, स्वादुपिंडाच्या अर्कावर. जानेवारी १९२२ मध्ये १४ वर्षांच्या मधुमेही लेनर्ड थॉम्पसनला तो अर्क, म्हणजे इन्सुलिन, टोचला गेला. अर्क शुद्ध करणाऱ्या जेम्स कॉलिपला औषधाची दुसरी बाजूही दिसली: डोस जास्त झाला की सशांना झटके येत, ग्लुकोज दिलं की ते सावरत. जेवण टाकलेल्या कुत्र्याला रोजचाच डोस दिला की हेच होतं. अशा वेळी हिरड्यांना मध चोळायचा (झटका चालू असताना तोंडात बोट घालायचं नाही, काही ओतायचं तर मुळीच नाही) आणि थेट डॉक्टर गाठायचा.

कुत्र्याचं आणि डुकराचं इन्सुलिन अमिनो आम्लांच्या क्रमाने तंतोतंत सारखं. म्हणून कुत्र्यांसाठीचं खास औषध डुकराच्या इन्सुलिनचं, एका मिलिलिटरला ४० युनिटचं. माणसांच्या इन्सुलिनच्या बाटल्या मात्र आपल्याकडे ४० च्याही मिळतात आणि १०० च्याही. सिरिंजही दोन: ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. १०० ची बाटली आणि हातात लाल टोपणाची सिरिंज असेल, तर १० च्या रेघेपर्यंत ओढलेलं औषध भरतं २५ युनिट.