कॅट परत द्यायची का? फी भरायच्या आधी हे वाचा

कॅटचा, म्हणजे आयआयएमसारख्या एमबीए कॉलेजांच्या प्रवेश परीक्षेचा, रिझल्ट लागला की क्लासवर पहिला फोन हाच येतो, परत देऊ का? आणि बऱ्याच जणांचं परसेंटाईल बघून अर्ध्या तासात ठरलेलं पण असतं. थोडं थांबा. नुसत्या परसेंटाईलवरून काही कळत नाही, शेवटच्या महिन्यातले मॉक (सराव पेपर) आणि खऱ्या पेपरचा स्कोअर शेजारी ठेवून सेक्शनप्रमाणे बघा.

मॉक चांगले जात होते आणि त्या दिवशीच घसरलं, तर परत द्या, तयारी आहेच, पेपर हाताळताना गडबड झाली. एकच सेक्शन खाली राहिला असेल तरी द्या, कारण आयआयएम एकूण परसेंटाईलबरोबर सेक्शनचा कटऑफपण लावतात. रिस्पॉन्स शीट, म्हणजे तुम्ही कुठल्या प्रश्नाला काय उत्तर दिलं तो कागद, नीट वाचा. डीआयएलआरला (आकडेवारी आणि तर्काचा सेक्शन) 40 मिनिटं असतात, त्यातली निम्मी एकाच सेटवर जातात, तो हातातून सुटत नाही, आणि पुढचा सोपा सेट अख्खा कोरा. टाइप करायच्या उत्तरांना निगेटिव्ह नसतं तरी तीसुद्धा मोकळी सोडलेली असतात. हे सुधारता येतं, आणि त्यासाठी पूर्ण वर्षाची बॅच लागतेच असं नाही.

पण वर्षभर मॉकच एका जागी अडकले होते तर तेच पुस्तक, तेच वेळापत्रक परत करून आकडा हलत नाही. अशांना आम्ही आधी बेसिक तपासायला सांगतो, लगेच ॲडमिशन देत नाही. दहावी-बारावीचे मार्कही बऱ्याच ठिकाणी धरतात आणि ते आता बदलणार नाहीत, म्हणून कुठल्या कॉलेजचा इंटरव्ह्यू कॉल शक्य आहे ते आधी काढा.

नोकरी सोडू नका, हे आम्ही कळकळीने सांगतोय. हिंजवडीहून दमून येता हे माहितीये, पण कॅट नोव्हेंबरमध्ये असते, आत्तापासून रोज दीड तास आणि शनिवार-रविवार पुरतो, आणि घरी बसून वर्ष गेलं की इंटरव्ह्यूला त्याचं उत्तर द्यावं लागतं.

कॅट वर्षातून एकदाच, आणि स्कोअर त्याच वर्षीच्या ॲडमिशनला चालतो. सिम्बायोसिसची स्नॅप मात्र एकाच सीझनला तीनदा देता येते आणि सगळ्यात चांगला स्कोअर धरतात, त्यामुळे एसआयबीएम किंवा एससीएमएचआरडी ही त्यांची कॉलेजं हवी असतील तर एकाच अटेम्प्टवर थांबू नका. पुम्बासाठी (पुणे विद्यापीठाचा एमबीए विभाग) राज्याची सीईटी आहे, तिला निगेटिव्ह मार्किंग नाही. जीमॅटचं, म्हणजे मुख्यतः परदेशातल्या एमबीएसाठीच्या परीक्षेचं, गणितच वेगळं, 16 दिवसांनी परत देता येते, स्कोअर 5 वर्षं चालतो, तिथे एवढी घालमेल नको.

भेटायला येताना स्कोअरकार्ड, रिस्पॉन्स शीट आणि शेवटच्या पाच-सहा मॉकचे रिझल्ट घेऊन या, आई-बाबांना यायचं असेल तर तेही येऊ देत. या भेटीची फी नाही. परत देऊ नका असं वाटलं तर तेही तिथेच सांगू.