ग्लासगो कोमा स्केल

रुग्णाची शुद्ध कितपत शिल्लक आहे, हे डोळे, बोलणे आणि हातापायांची हालचाल या तीन गोष्टींवरून अंकांत मांडण्याची पद्धत. रुग्णवाहिकेत आणि अपघात विभागात तिला सरसकट ‘जीसीएस’ म्हणतात. पॅरामेडिकच्या परीक्षेत मेंदूच्या आणीबाणीचा प्रश्न डोक्याच्या माराचा असो, पक्षाघाताचा, आकडीचा की साखर उतरल्याचा, तो फिरून जीसीएसपाशी येतोच. म्हणून या विषयाची तयारी इथूनच सुरू करावी.

स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील मेंदूशल्यविशारद ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ही पद्धत मांडली. त्याआधी ‘अर्धवट बेशुद्ध’, ‘गुंगीत’, ‘खोल कोमात’ असे शब्द वापरले जात आणि प्रत्येकाच्या मनात त्यांचा अर्थ निराळा असे. रात्रपाळीच्या परिचारिकेने ‘गुंगीत’ लिहिले आणि सकाळच्या डॉक्टरने ‘अर्धवट बेशुद्ध’, तर मधल्या वेळात रुग्ण खालावला की तसाच आहे, हे त्या दोन शब्दांवरून कळत नसे. टीसडेल आणि जेनेट यांनी निदानाचा शब्द बाजूला ठेवला आणि डोळ्यांना जे दिसते, कानांना जे ऐकू येते तेवढेच लिहायला लावले. मूळ मांडणीत हालचालीच्या पाचच पायऱ्या होत्या. पुढे सहावी जोडली गेली आणि कमाल बेरीज १५ झाली. २०१४ च्या सुधारणेत ‘वेदना’ऐवजी ‘दाब’ हा शब्द आला आणि जे तपासताच येत नाही त्याला १ गुण न देता ‘तपासता आले नाही’ असे लिहावे, हे ठरले.

डोळ्यांना (ई) चार गुण: आपोआप उघडे ४, हाकेला उघडले ३, दाबल्यावर २, उघडलेच नाहीत तर १. बोलण्याला (व्ही) पाच: स्वतःचे नाव, ठिकाण आणि महिना नीट सांगितला तर ५, वाक्ये जुळतात पण भान नाही ४, सुटे शब्द ३, नुसते कण्हणे २, काहीच नाही १. हालचालीला (एम) सहा: सांगितलेले करतो ६, दाबलेल्या जागी हात आणतो ५, हात कोपरात दुमडून झटकन मागे घेतो ४, हात सावकाश, विचित्र वळणाने छातीकडे दुमडतो ३, हात ताठ सरळ करतो २, काहीच नाही १. शेवटच्या चार पायऱ्यांपैकी ३ आणि २ यांत विद्यार्थी हटकून गोंधळतात. लक्षात ठेवायची गोष्ट एकच: हात सावकाश कोपरात वाकला तर तीन, ताठ झाला तर दोन.

पाठांतर इथे फार पुढे नेत नाही. एक रुग्ण डोळ्यांसमोर आणावा. दुचाकीवरून पडलेले पन्नाशीचे गृहस्थ रस्त्याकडेला पडले आहेत. एका सहकाऱ्याने त्यांचे डोके दोन्ही हातांनी स्थिर धरले आहे. डोळे मिटलेले. ‘काका, ऐकू येतंय का?’ असे मोठ्याने विचारल्यावर ते उघडतात: ई३. ‘कुठे आहात आत्ता?’ याला उत्तर येते, ‘दुकान उघडायचंय, किल्ली दे.’ वाक्य पुरे आहे, भान सुटले आहे: व्ही४. ‘हात वर करा’ याला दाद नाही. मग मान आणि खांदा यांमधला स्नायू चिमटीत दाबला की डावा हात कॉलरबोनच्या वर येतो आणि तपासणाऱ्याचा हात ढकलू पाहतो: एम५. बेरीज १२. या सगळ्यात उजवा हात मात्र हललेला नाही. गुण नेहमी चांगल्या बाजूचे धरतात, म्हणून ५ च. पण न हललेला उजवा हात वेगळा लिहायचा, कारण मेंदूच्या डाव्या भागावर दाब येत असल्याची ती खूण असू शकते. नुसते ‘जीसीएस १२’ लिहिणाऱ्याने ही खूण गमावली.

बेरजेत बरेच काही हरवते, हे गणितानेही दिसते. तीन भागांच्या १२० जोड्या होऊ शकतात आणि बेरजा मात्र ३ ते १५ अशा तेराच. पद्धत मांडणाऱ्यांचा मूळ हेतूही तिन्ही भाग वेगवेगळे नोंदवण्याचा होता. परीक्षेतही पर्यायांमध्ये बेरीज दिलेली असते, पण प्रश्नाचा गाभा एखाद्याच भागात दडलेला असतो.

बोलण्याचा भाग भाषेवर अवलंबून आहे आणि आपल्याकडे याला फार महत्त्व आहे. गोंडी किंवा भोजपुरी बोलणारा मजूर पूर्ण शुद्धीत असूनही, तपासणाऱ्याला त्याची भाषा न कळल्यामुळे, ‘असंबद्ध’ ठरू शकतो. गावाकडच्या आजींना महिना विचारला आणि त्यांनी ‘श्रावण’ सांगितला, तर ते उत्तर अचूक आहे. पाचपैकी पाचच द्यायचे. प्रश्न रुग्णाच्या भाषेत विचारावा, नातेवाइकाची मदत घ्यावी आणि ऐकू कमी येते का, हे आधी विचारावे.

परीक्षेत ठरलेल्या काही जागा अडवतात. किमान बेरीज ० नसून ३ आहे. श्वासनलिकेत नळी असलेल्याचे बोलणे तपासता येत नाही, सुजून मिटलेले डोळे तपासता येत नाहीत. ‘माझा हात दाबा’ एवढ्यावर एम६ देऊ नये, कारण तळहाताला स्पर्श झाला की मूठ नकळतही मिटते. ‘दाबा, आता सोडा’ अशी दुहेरी सूचना द्यावी. छातीचे हाड बोटांच्या पेरांनी रगडण्याची जुनी सवय आता सोडायला सांगतात. त्याऐवजी बोटाच्या टोकावर, मान-खांद्यामधल्या स्नायूवर किंवा भुवईखालच्या हाडाच्या खाचेत दाब देतात.

जीसीएस जिथे फसवते ते ओळखणे ही तयारीची खरी कसोटी आहे. पक्षाघाताचा रुग्ण डोळे उघडे ठेवून, नाव-गाव सांगत, १५ पैकी १५ घेऊन बसलेला असू शकतो आणि त्याचा डावा हात मांडीवरून घसरत असतो. त्यासाठी वाकडा चेहरा, खाली येणारा हात आणि अडखळणारी वाचा पाहणारी सिनसिनाटी चाचणी वेगळी शिकावी लागते. तिच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न नातेवाइकांना विचारायचा: ‘शेवटचे नीट कधी पाहिले होते?’ त्रास लक्षात आल्याची वेळ इथे पुरत नाही. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि घड्याळ शेवटच्या नीट क्षणापासून मोजतात. झोपेतून उठताना लुळा झालेल्या माणसाचे घड्याळ तो झोपला तेव्हाच सुरू झालेले असते.

उलट आकडी थांबल्यावर गुण काही काळ खूप खाली असतात आणि मग हळूहळू चढतात. पाच मिनिटांनंतरही झटके चालू असतील तर ती स्वतंत्र आणीबाणी आहे. तिथे गुण मोजत न बसता औषध द्यायचे. शुद्ध हरपलेल्या प्रत्येकाची साखर तपासायचीच, तोंडाला दारूचा वास येत असला तरीही. ‘प्यायलेला आहे’ म्हणून सोडून दिलेल्या माणसाच्या डोक्यात रक्तस्राव निघणे, ही सगळ्यात टाळता येण्याजोगी आणि म्हणून सगळ्यात क्लेशदायक चूक आहे.

डोक्याच्या मारात एका आकड्यापेक्षा आकड्यांची घसरण महत्त्वाची. कवटी आणि मेंदूचे बाहेरचे आवरण यांच्यामध्ये रक्त साठत असेल, तर रुग्ण मधला काही वेळ चांगला बोलतो, पाणी मागतो आणि मग कोसळतो. त्या चांगल्या वेळात घेतलेली एकच नोंद सगळ्यांना निर्धास्त करते. डोळ्याची एक बाहुली मोठी होऊन प्रकाशाला स्थिर राहणे, रक्तदाब चढत असताना नाडी मंदावणे आणि श्वासाची लय बिघडणे, या खुणा म्हणजे कवटीतला दाब हाताबाहेर चालल्याचा इशारा. बाहुल्यांचे हे महत्त्व ओळखून २०१८ मध्ये सुधारित गणना आली: प्रकाशाला प्रतिसाद न देणाऱ्या प्रत्येक बाहुलीमागे बेरजेतून १ वजा.

‘आठ किंवा कमी, तर नळी घाला’ हे वाक्य अनेक पिढ्यांनी पाठ केले. डोक्याला मार लागलेल्या रुग्णात त्याला आधार आहे, कारण ८ वा त्याहून कमी गुण म्हणजे गंभीर इजा असे वर्गीकरण आहे. पण साखर उतरलेल्याला ग्लुकोज हवे, नळी नको. वाक्य पाठ असावे, ते लावण्याआधी कारण शोधावे.

अमेरिकेतील पॅरामेडिक नोंदणी परीक्षा संगणकावर होते आणि उत्तरांप्रमाणे पुढच्या प्रश्नांची काठिण्यपातळी बदलते. तिथे असे उलगडत जाणारे प्रसंग विचारतात. महाराष्ट्रात २०१४ पासून चालणाऱ्या १०८ सेवेत गाडीवर डॉक्टर असतात, तरी रुग्णालयाच्या दारात रुग्ण सोपवताना बोलायची भाषा हीच: ‘७.४० ला ई४ व्ही४ एम६, ७.५५ ला ई२ व्ही२ एम५, उजवी बाहुली मोठी.’ ऐकणारा पुढचे वाक्य ऐकण्याआधीच सीटी स्कॅनच्या खोलीकडे वळतो.