पॅडल वर ओढायचं का?

सायकलवर रत्नागिरीजवळच्या आरे-वारेचा चढ लागला की मागून कुणीतरी ओरडतंच, "पॅडल वर ओढ, गोल फिरव!" चप्पल घालून साध्या पॅडलवर चालवणाऱ्यालासुद्धा! त्याने ओढलं तर चप्पल वर येईल, पॅडल नाही.

क्लीटचे, म्हणजे पॅडलला अडकणारे, बूट असले तरी रोजच्या चालवण्यात सल्ला फसवाच. सायकल पुढे जाते ती मुख्यतः खाली दाबल्याने. घड्याळाच्या भाषेत सर्वांत जास्त जोर पॅडल ३ ते ४ च्या आसपास असताना. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मुद्दाम वर ओढणाऱ्यांचा जोर पॅडलवर अधिक नेमका लागला, पण शरीराची ऊर्जा उलट जास्त खर्च झाली. स्प्रिंटमध्ये, म्हणजे थोडा वेळ जीव तोडून पळवताना, थोडं ओढलं जातं, ते वेगळं. एरवी वर येणाऱ्या पायाचं ओझं पॅडलवर टाकू नका, बस. आणि पॅडल चवड्याखालीच हवं असा हट्ट नको. पाय जरा पुढे सरकवला की पोटरीवरचा ताण कमी होतो.